मायने सांगितलेलं पत्र

माझ्या कादंबऱ्यांची मुद्रितं पुण्याहून तपासायला येतात, तेव्हा समासात वरपासून खालपर्यंत तांबडी शाई सांडलेली असते. छापखान्यातले शास्त्रीबुवा मोठे सज्जन गृहस्थ आहेत. माझ्या माणसांच्या तोंडचं ‘मले’ खोडून ते ‘मला’ करतात, ‘काहून’चं ‘का’ करतात, ‘आलता’ दिसलं की त्याचे दोन तुकडे पाडून ‘आला होता’ असं नीट बसवतात, आणि खाली नम्रपणे लिहितात, ‘अशा मोडक्या शब्दांनी वाचकांस क्लेश होतात.’ मी ते सगळं पुन्हा मोडून परत पाठवतो. गेली कित्येक वर्षं आमचा दोघांचा हा उद्योग चालला आहे. आमच्या तरुणपणच्या कादंबऱ्या काढून बघा, त्यांत राजपुत्रापासून दासीपर्यंत सगळे ग्रंथातल्यासारखं बोलतात. शब्द गिळून, हेल काढून बोलायचं काम एखाद्या गाडीवानावर सोपवलेलं असतं, तेही दोन पानं हसू यावं म्हणून. रडायची वेळ आली की तो गाडीवानसुद्धा एकदम शुद्ध बोलू लागतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला वऱ्हाडाचा अभिमान आहे, म्हणून हा हट्ट. अभिमान वगैरे काही नाही. माझ्या हट्टामागे एक लाज आहे, आणि ती सांगायला मला सत्तरी गाठावी लागली.

आमचा मळा अमरावतीच्या परकोटाबाहेर, अंबानाल्याच्या काठाला होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, कांदे, आणि बांधाला झेंडूची रांग. पहाटे बाची मोट सुरू व्हायची. चाकाची करकर, बैलांना दिलेली हाळी आणि पाण्याचा धो धो आवाज, यांतच आम्हा भावंडांची झोप मोडायची. मग माय टोपली डोक्यावर घेऊन परकोटाच्या आत भाजी विकायला जायची. तिचं बोलणं फार जलद. अर्धे शब्द ती गिळून टाकी आणि उरलेले एकमेकांत अडकवून देई. नव्या आलेल्या पुणेरी कारकुनांच्या बायकांना त्यातलं निम्मं कळत नसे, पण भाजी मात्र तिच्याकडूनच घ्यायच्या. ती वांग्यांशीही बोले. मोठं वांगं हातात घेऊन ‘काहून रे बापा, इतका कायले फुगला?’ असं विचारी, आणि गिऱ्हाईक हसत हसत तेच वांगं उचलून नेई. दुपारी घरी आली की ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि पाट्यावरचा ठेचा. जेवतानाही तिची कहाणी चालूच. आज कोण काय म्हणालं, कोणी कसं नाक मुरडलं, सगळं त्या त्या माणसाच्या आवाजात. बा कधी हसत नसे, पण ती थांबली तर ताटावरून मान वर करून तिच्याकडे बघे.

ते दिवस कापसाचे. सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्याकडच्या पांढऱ्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. कोणी म्हणे बंडीच्या चाकांना चांदीची धाव चढवली. मी काही ती पाहिली नाही, पण सांगणारे शपथेवर सांगत. ज्याला त्याला कापसाचं वेड लागलं होतं, ते माझ्या थोरल्या भावालाही लागलं. त्याचं नाव किसन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अंगाने धिप्पाड, अक्षरशत्रू आणि मायचा अतिशय लाडका. तो रोज बाच्या मागे लागे, ‘बा, वांगे-मिरच्या उपडून टाक. सारा मुलूख कापूस पेरून राहिला, आपुनच काहून भाजी विकत बसाव?’ बा म्हणे, ‘कापूस खाशीन का?’ एका सकाळी दादाने न विचारता वांग्याचा अख्खा वाफा उपटून टाकला. बाने मोटेचा नाडा घेतला आणि एवढ्या वाढलेल्या पोराला चार माणसांदेखत झोडपलं. दादाने हात उचलला नाही. अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, ‘माय बलावन तवाच ह्या वावरात पाय ठेवीन. तुह्या बोलावन्यानं येनार नाई.’ आणि गेला. अकोल्याला जाऊन कोणा व्यापाऱ्याची बंडी हाकू लागला. खेड्यापाड्यांतला कापूस भरायचा आणि अकोल्याच्या बाजारात आणून टाकायचा, असं त्याचं काम आहे, एवढंच आम्हाला कळलं.

थंडीत मायला खोकल्याने धरलं. आधी तिने मनावर घेतलं नाही. मग टोपली उचलेना, मग अंथरुणावरून उठेना. अंगात ताप मुरला होता आणि पदरात धरलेल्या थुंकीत रक्त दिसू लागलं. वैद्य आले, नाडी पाहिली आणि बाला बाहेर नेऊन म्हणाले, ‘ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या.’ मी दाराशीच उभा होतो, मला ऐकू आलं. मायलाही आलं असावं. त्या दिवसापासून ती एकच बोले, ‘किसन्याले बलावा.’ बाने अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवानांकडून दोनदा सांगावा धाडला. दोन्ही वेळा उलटा निरोप आला, ‘बाले म्हना, तुहा डाव मले ठाऊक हाये.’ त्याला वाटे, मळ्यात हात कमी पडतात म्हणून बापानेच ही युक्ती काढली आहे. बा हे ऐकून विहिरीवर जाऊन बसला आणि दुपारी जेवायलाही आला नाही.

तेव्हा मायनेच पत्राची गोष्ट काढली. घरात लिहिता येणारा मी एकटा. सोळा वर्षांचा होतो आणि सरकारी शाळेत वरच्या वर्गात होतो. त्या शाळेची गोष्ट थोडी सांगायला हवी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी काही विचारलं आणि मी उभा राहून ‘मले येत नाई’ म्हणालो. सगळा वर्ग फुटला. कारकुनांची पोरं दोन महिने मला ‘मले’ म्हणूनच हाक मारत होती. मास्तर पुण्याकडचे, पण मनाने चांगले. त्यांनी मला जवळ घेऊन समजावलं, ‘अरे, बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तोंडातलं तसंच कागदावर सांडायचं नसतं.’ मी ते इतकं मनावर घेतलं की वर्षभरात माझ्यासारखं पत्र लिहिणारा वर्गात दुसरा उरला नाही. वडिलांस कसं लिहावं, मित्रास कसं, धाकट्यास कसं, सगळे मायने मला तोंडपाठ. घरी आलो की मायचं बोलणं कानांना खरखरीत लागे. हे मी आज लिहितो आहे तेव्हा हात थांबतो, पण तेव्हा तसंच वाटे, ते लपवून काय उपयोग?

दुपारची वेळ होती. छपरीत बाजेवर माय पाठीशी गोधडी घेऊन बसली होती. मी समोर पाट, बोरू, दौत आणि शाळेतून आणलेला कागद घेऊन बसलो. ती म्हणाली, ‘मी जशी बोलून राहिली तसंच लिव. एकबी शब्द इकडचा तिकडे करू नको. त्याले समजलं पायजे का मायच बोलून राहिली, बा नाई.’ मी मान डोलावली. आणि मग ती बोलू लागली. पुष्कळ वेळ बोलली. मधे खोकल्याची उबळ येई, ती हाताने मला थांब म्हणे, मी पाण्याचा गडू देई, ती एक घोट घेऊन पुन्हा सुरू करी. बा कोपऱ्यात होता, तो तिने तोंड उघडताच, ऐकवणार नाही म्हणून, उठून विहिरीकडे गेला होता. थोडा वेळ मोट चालली आणि मधेच बंद पडली. मायच्या हातातल्या काचेच्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या, बोलताना त्या कोपरापर्यंत घसरत आणि ती पुन्हा खाली ओढी. मी खाली मान घालून लिहीत होतो. कानावर वाक्य पडलं की ते लगेच धुवायचं, पुसायचं, नीट कपडे घालायचे आणि मग कागदावर बसवायचं. मन त्या कामात अगदी गुंतून गेलं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता.

लिहून झालं ते असं: ‘चिरंजीव राजश्री किसन यास मातोश्रीचे अनेक आशीर्वाद. उपरी येथील सर्व कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष. सांप्रत आमची प्रकृती किंचित अस्वस्थ असून तुमच्या भेटीची इच्छा आहे. तरी सवडीने येणेचे करावे. बहुत काय लिहिणे, हे आशीर्वाद.’ ‘येथील सर्व कुशल’ घातल्यावाचून पत्र सुरू होतं, हे मला माहीतच नव्हतं. ज्याला थोडंफार लिहिता येई, तो आमच्याकडे घर जळत असतानाही आधी ‘सर्व कुशल’ लिही आणि मग जळल्याचं लिही. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. माय डोळे बारीक करून ऐकत होती. मग म्हणाली, ‘हे कोन बोलून राहिलं रे?’

मी म्हणालो, ‘माय, कागदावर असंच असते.’

‘मी सांगितलं थे सारं आलं ना त्यात?’

‘आलं.’

‘असन बापा,’ ती म्हणाली. ‘तू शिकेल हायेस.’ आणि तिने कागदावरून तळवा फिरवला. शाई ओली होती, एक ओळ फरकटली. त्याचा मला राग आला, म्हणून मी ते पत्र रात्र उलटू देऊन सकाळी शाळेत नेलं आणि तिथे पुन्हा सुबक अक्षरात उतरवलं. मास्तरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘आई फार आजारी आहेत का रे?’ मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, पण नुसतं म्हणाले, ‘मायना छान साधला आहेस.’ मी हवेत तरंगत घरी आलो. पत्र त्या दुपारी रहीमभाईंकडे दिलं. ते आमच्या ओळखीचे गाडीवान, महिन्यातून दोनदा त्यांची बंडी अकोल्याला जाई.

नऊ दिवस गेले. बडनेऱ्याच्या वाटेने घुंगरं वाजली की माय विचारी, ‘बंडी आली का रे?’ मी धावत बांधावर जाई आणि परत येऊन ‘दुसरी हाये’ म्हणे. तिच्या घशाखाली ज्वारीच्या पातळ कण्यांशिवाय काही उतरत नव्हतं, पण दादासाठी रोज भरीत करून ठेवायचा तिचा हुकूम होता. बाच मळ्यातलं वांगं तोडून आणी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजी, सोली, हिरवी मिरची कुस्करून घाली. ज्या वांग्यांपायी त्याने पोराला मारलं, तीच वांगी तो बोटं भाजून घेत सोलत बसे. दादा आला नाही की ते गार भरीत आम्ही दोघं दुसऱ्या सकाळी शिळ्या भाकरीशी खात असू. एकमेकांकडे न बघता.

दहाव्या दिवशी रहीमभाई एकटेच आले. छपरीच्या बाहेर उभे राहिले, आत येईनात. मायने हाक मारली तेव्हा डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, ‘भाभी, खत गुमास्ते ने पढके सुनाया. किसन पूरा सुना. फिर बोला, सब कुशल लिखा है न? तो अच्छा है. और बोला, ये मेरी माँ की बोली नहीं. बाप ने मास्तर से लिखवाया.’

बा खांबाला धरून उभा होता. मायने माझ्याकडे मान वळवली. ‘कुशल म्हंजे काय रे?’

‘बरं हाये म्हंजे.’

‘मी तं असं नाई सांगितलं.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला आजवर सोसवत नाही. तिने तेव्हा मला शिव्या घातल्या असत्या, हातातला गडू फेकून मारला असता, तर मी कदाचित वेगळा माणूस झालो असतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि तशीच म्हणाली, ‘जाय. तूच जाय आता.’

मी तसाच निघालो. बाने फडक्यात भाकरी बांधून दिल्या आणि नाल्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. तिथे थांबून म्हणाला, ‘त्याले म्हनजो, बानं बलावलं. हात जोडले म्हनजो. तुहा सारा कापूस पेर म्हनजो.’ एवढं बोलताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. मी बाला कधी तसं पाहिलं नव्हतं.

बडनेरा, मूर्तिजापूर, मग काटेपूर्णेचं पात्र. काही वाट पायी, काही कोणाच्या बंडीच्या मागे लटकून. रस्ताभर कापसाच्या बंड्यांची रांग, बाभळीच्या काट्यांना दोन्ही बाजूंनी पांढरे पुंजके अडकलेले, आणि जो तो आनंदात. अकोल्याच्या बाजारात कापसाचे डोंगर रचलेले होते. त्यांतून मी ‘किसन, किसन’ करत हिंडत होतो आणि चार किसन येऊन गेल्यावर माझा दादा सापडला. केसांत, भुवयांत, दाढीच्या खुंटांत कापूस. मला पाहून त्याचा चेहरा आधी फुलला आणि मग सावध झाला. ‘कोनी पाठवलं तुले?’

बाने सांगितलेलं सगळं मी विसरलो. ‘माय चालली, दादा,’ एवढंच तोंडातून आलं.

त्याने अर्ध्या भरलेल्या बंडीतला कापूस तिथेच रस्त्यावर ढकलून दिला. व्यापाऱ्याचा माणूस ओरडत धावत आला, त्याच्याकडे पाहिलंही नाही. बैल उलटे वळवले आणि हाकले. सबंध वाटेत तो माझ्याशी एकदाच बोलला. मूर्तिजापूरच्या पुढे बैलांच्या तोंडाला फेस आला, तेव्हा त्याने विचारलं, ‘थे पत्र कोनं लिवलं व्हतं?’ मी म्हणालो, ‘मी.’ त्याने मान हलवली आणि खाली उतरून बैलांच्या बरोबरीने धावू लागला.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती. मोट बंद होती. बा विहिरीच्या काठावर बसला होता, डोकं आणि मिशा भादरलेल्या. मी निघालो त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती गेली होती. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, बा म्हणाला, पण घुंगरं वाजली की डोळे उघडायची. दादाने बैल सोडले नाहीत, तसाच नाल्याच्या काठी गेला आणि राखेपाशी मातीत उपडा पडला. बा त्याच्या मागोमाग गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे न कळून तो कितीतरी वेळ हात अर्ध्यावर धरून उभा होता.

दहावा झाला, तेरावा झाला. दादाने मला बोल लावला नाही. घरी आलेल्या माणसांपुढेही माझं नाव घेतलं नाही. पाहुणे गेले त्या दुपारी तो छपरीत आला आणि मायच्या रिकाम्या बाजेशेजारी भुईवर बसला. मला समोर बसवलं. म्हणाला, ‘लिवाले बसली तवा तिनं काय काय सांगितलं व्हतं? तुह्या कागदातलं नको. तिच्या तोंडचं सांग. मी ऐकून राहिलो.’ आणि त्याने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

मी तोंड उघडलं. ‘जशी बोलून राहिली तसंच लिव’ हे आठवलं. उबळ आठवली, गडू आठवला, घसरणाऱ्या बांगड्या, मधेच थांबलेली मोट, सगळं आठवलं. पण तिने जे सांगितलं, त्यातला एक शब्द आठवेना. ती बोलत होती तेव्हा मी माझीच वाक्यं ऐकत होतो. तिचं बोलणं माझ्या कानांपर्यंत आलं आणि तिथेच धुऊन गेलं, आणि जगात ते ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. किती खटपट केली तरी जिभेवर येई ते ‘सांप्रत आमची प्रकृती किंचित अस्वस्थ असून’. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मी लिहिलेल्या सगळ्या बायांच्या तोंडी मी शब्द मोडून, जोडून, गिळून घालून पाहिले. कधी वाटतं, हे तिचं असेल. पुन्हा मोठ्याने वाचून पाहतो, तर ते माझंच असतं.

दादा डोळे मिटून थांबला होता. त्याला वाटलं, मी आठवतो आहे.

‘सांग ना,’ तो म्हणाला. ‘सावकाश सांग. मले घाई नाई.’